मीटरच्या पुढची पेटी: डीबी दुरुस्त करावी, बदलावी की वाढवावी?

फेब्रुवारी २०२४मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली आणि छतावर सौर पॅनेल बसवण्याची चौकशी गावोगाव होऊ लागली. विजेवर चालणाऱ्या स्कूटर आणि मोटारी सोसायट्यांच्या वाहनतळात दिसू लागल्या आणि उन्हाळ्याच्या तडाख्यात अनेक घरांत एका एसीचे दोन झाले. या तिन्ही निमित्तांनी घरातली एक दुर्लक्षित वस्तू चर्चेत येते, ती म्हणजे मीटरच्या पुढची स्विचांची पेटी, म्हणजेच डीबी. पाहणीला आलेला माणूस तिचे झाकण उघडतो आणि सांगतो, ‘‘हे सगळं बदलावं लागेल.’’ दुसऱ्याला बोलवावे तर तो म्हणतो, ‘‘काही गरज नाही, एक एमसीबी मोठी टाकून देतो.’’ एमसीबी म्हणजे पेटीतला आपोआप पडणारा खटका. दोघांच्या खर्चाच्या अंदाजात फार मोठा फरक असतो आणि कोणाचे ऐकावे हे घरमालकाला कळत नाही.

माझ्या मते हा निर्णय पेटीच्या वयावरून किंवा रूपावरून घेण्यासारखा नाही. पेटीतली बहुतेक उपकरणे भिंतीतल्या वायरींचे रक्षण करण्यासाठी असतात, त्यामुळे आधी वायर पाहावी, मग घराचा भार मोजावा आणि त्यानंतरच पेटीकडे वळावे. या क्रमाने गेल्यास दुरुस्ती, बदल आणि वाढ हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे स्पष्ट होते आणि अनेकदा मोठा खर्च टळतो. काही घरांत मात्र जो खर्च टाळायला नको तोच आजवर टाळला गेला आहे, हेही लक्षात येते.

## पेटीत असते तरी काय?

वीज कंपनीची वायर आधी कटआउटमध्ये, म्हणजे कंपनीच्या फ्यूजच्या डब्यात, तिथून मीटरमध्ये आणि मीटरमधून आपल्या घराच्या पेटीत येते. मीटर आणि त्याच्या आधीचे सगळे कंपनीचे असते, मग ती कंपनी महावितरण असो, मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर असो, की गोव्यात सरकारचे वीज खाते असो. तिथले सील तोडण्याचा अधिकार आपल्याला किंवा आपल्या वायरमनला नाही. मीटरच्या पुढची सगळी जबाबदारी मात्र आपली असते आणि ती सुरू होते ती डिस्ट्रिब्यूशन बोर्डापासून, म्हणजे बोलीभाषेतल्या डीबीपासून. मुख्य वायरीतून आलेली वीज इथे दिवे, प्लग, गीझर, एसी अशा वेगवेगळ्या वाटांनी विभागली जाते. प्रत्येक वाटेला सर्किट म्हणतात.

प्रत्येक सर्किटवर एक एमसीबी असते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की आपोआप पडणारा हा खटका. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. सततच्या जादा प्रवाहाने तापून दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि खटका पाडते. याला काही मिनिटे, कधी तासभरही लागतो. दुसरी यंत्रणा विद्युतचुंबकाची असते आणि शॉर्टसर्किट होताच ती क्षणार्धात काम करते. एमसीबीवर ‘सी १६’ असे काही छापलेले असते. त्यातला आकडा अँपिअरमधली मर्यादा सांगतो आणि अक्षर हे सांगते की चुंबकाची यंत्रणा त्या मर्यादेच्या किती पटीला जागी होते: ‘बी’ असेल तर तीन ते पाच पट, ‘सी’ असेल तर पाच ते दहा पट. एसी किंवा पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून अशा सर्किटांवर ‘सी’ वापरतात.

दुसरे महत्त्वाचे उपकरण आरसीसीबी. फेजमधून घरात गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. गिरणीत दळायला गेलेल्या धान्याचे आणि परत आलेल्या पिठाचे वजन जुळवून पाहावे, तसेच हे काम आहे. तूट आढळली की मधेच कुठेतरी गळती आहे असा तिचा निष्कर्ष असतो. विजेच्या बाबतीत ती गळती कधी गीझरच्या फुटलेल्या कॉइलमधून अर्थिंगकडे, म्हणजे जमिनीला जोडलेल्या सुरक्षेच्या वायरीकडे होते, तर कधी ओल्या हाताने यंत्राला स्पर्श करणाऱ्या माणसाच्या शरीरातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते आणि गळती त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेतो, यावरून हे उपकरण किती संवेदनशील आहे ते कळेल. १६ अँपिअरच्या एमसीबीला एवढ्या प्रवाहाचा पत्ताही लागणार नाही, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रवाह छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो.

तिसरे उपकरण आयसोलेटर. ते दिसायला एमसीबीसारखेच असते, पण तो साधा हाताने चालवायचा स्विच आहे. कितीही प्रवाह वाढला तरी तो आपणहून पडत नाही. अनेक घरांत मुख्य खटका म्हणून आयसोलेटर बसवलेला असतो आणि घरातली माणसे त्याला मोठी एमसीबी समजून निर्धास्त असतात. तुमच्याकडे काय आहे ते झाकण न काढता वाचता येते. आयसोलेटरवर नुसता ‘४० ए’ असा आकडा असतो, एमसीबीवर आकड्याच्या आधी ‘बी’ किंवा ‘सी’ असते आणि आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअरचा उल्लेख आणि चाचणीचे छोटे बटण असते.

## आधी वायर, मग पेटी

घरांत साधारणपणे दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची, प्लगांना २.५ची, एसी आणि मोठ्या गीझरला ४ची तांब्याची वायर वापरतात. आजच्या पीव्हीसी आवरणाच्या वायरी ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. वायरीतून जितका जास्त प्रवाह जाईल तितकी ती तापते, आणि एकाच पाइपात पाच-सहा वायरी कोंबल्या असतील तर आणखी तापते. म्हणून दिव्यांच्या १.५च्या वायरीवर ६ किंवा १० अँपिअरची, २.५च्या वायरीवर १६ अँपिअरची आणि ४च्या वायरीवर २० किंवा २५ अँपिअरची एमसीबी लावण्याचा प्रघात आहे.

आता ‘एक एमसीबी मोठी टाकून देतो’ या सल्ल्याकडे पाहू. मानकांनुसार एमसीबीने तिच्या मर्यादेच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर पडायचे नसते आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडलेच पाहिजे. म्हणजे १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरची एमसीबी बसवली, तर ३६ अँपिअरपर्यंतचा प्रवाह ती बिनतक्रार वाहू देईल. २.५च्या वायरीला हा प्रवाह पेलवत नाही. एमसीबी पडायची थांबली म्हणून घरातले सगळे समाधानी होतील आणि भिंतीच्या आत वायरीचे आवरण दिवसेंदिवस कडक होत, तडकत जाईल. वारंवार पडणारी एमसीबी हा इशारा असतो. त्या इशाऱ्याचे कारण न शोधता आकडा वाढवणे हे धोकादायक काम आहे आणि ते रोज कुठे ना कुठे होते, याचे मला फार वाईट वाटते.

एमसीबी पडण्याचे कारण नेहमी जादा भार हेच असते असेही नाही. घरगुती एमसीबीची मर्यादा ३० अंश तापमान धरून ठरवलेली असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापलेल्या लोखंडी पेटीत, एकमेकींना चिकटून बसलेल्या एमसीबी त्यांच्या मर्यादेपेक्षा कमी प्रवाहालाही पडू शकतात. पेटी सावलीत हलवणे किंवा जास्त भाराच्या दोन एमसीबींमध्ये मोकळी जागा सोडणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे.

वायर जुनी असेल तर एक चाचणी करून घ्यावी. मेगर नावाचे यंत्र वायरीवर ५०० व्होल्टचा दाब देऊन तिच्या आवरणाचा रोध मोजते. तो किमान १ मेगओहम असला पाहिजे. त्याआधी टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोडवून ठेवावी लागतात. १९६०-७०च्या दशकांतल्या घरांत लाकडी पट्ट्यांवरून नेलेल्या रबरी आवरणाच्या वायरी अजून सापडतात आणि काही इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत. जुने रबर बोटाने वाकवले तरी त्याचे तुकडे पडतात. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जाते, त्यावर न दिसणारा ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड सैल होतो. अशा घरात नुसती पेटी बदलून भागणार नाही, कारण वायरिंगच बदलण्याची वेळ आलेली असते. पैसे कमी असतील तर मी स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एसी यांच्या वायरी आधी बदलून घेईन आणि दिव्यांच्या वायरी नंतर.

## दुरुस्तीने केव्हा भागते?

वायर चांगली आहे, भार पूर्वीइतकाच आहे आणि बिघाड एकाच जागी आहे, अशा वेळी पूर्ण पेटी बदलण्याचा आग्रह धरणाऱ्याला कारण विचारावे. एखादी एमसीबी चढवल्यावर टिकत नाही, एखाद्या खटक्याचा दांडा सैल झाला आहे, न्यूट्रलच्या पट्टीवरचा एक स्क्रू काळा पडला आहे, हे सगळे दुरुस्तीचे विषय आहेत. मात्र भार काढून, वायर सोडवूनही एमसीबी टिकत नसेल तरच दोष एमसीबीचा. वायर सोडवल्यावर ती टिकत असेल तर दोष पुढे, वायरीत किंवा उपकरणात आहे.

सैल जोडाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण पेट्या जळण्यामागे ते एक मोठे कारण असते. समजा तीन किलोवॅटचा झटपट पाणी तापवणारा गीझर आहे. तो सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वायरीचा एक जोड सैल होऊन तिथे ०.१ ओहमचा रोध तयार झाला, तर त्या एका स्क्रूपाशी सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. तारा जोडण्याचा बारीक सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढ्याच उष्णतेवर कथील वितळवतो. इथे ती उष्णता प्लॅस्टिकच्या आवरणात कोंडलेली असते. एमसीबी मात्र पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. जोड तापतो, थंड होतो, आणखी सैल होतो, आणखी तापतो. एमसीबीच्या कडेचा पांढरा रंग पिवळट-तपकिरी होणे, वायरीचे टोक काळे व चुरचुरीत होणे आणि गीझर चालू असताना पेटीपाशी माशासारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे, या याच गोष्टीच्या खुणा आहेत. असा जोड नुसता पिळून घट्ट करणे पुरेसे नाही. वायरीचे जळलेले टोक कापून ताजे तांबे काढावे, बहुतारी वायर असेल तर लग, म्हणजे टोकावरची धातूची टोपी, दाबून बसवावा आणि तापलेली एमसीबी बदलावी.

यासाठी झाकण उघडण्याचा प्रयत्न घरच्यांनी करू नये. मुख्य खटका पाडला तरी त्याच्या आधीची टोके जिवंत असतात.

## पेटी बदलणे केव्हा टाळू नये?

चिनी मातीचे किटकॅट फ्यूज असलेला बोर्ड तुमच्याकडे अजून असेल, तर तो बदलावा असे मी ठामपणे म्हणेन. फ्यूज तत्त्वतः वाईट नाही. अडचण अशी की त्यात घालायची तार प्रत्येक जण हाताला येईल ती घालतो. फ्यूज उडाला की दिव्याच्या वायरीचे दोन-चार पदर पिळून घालण्याची सवय घराघरांत आहे आणि अशी तार शॉर्टसर्किटशिवाय कशालाच वितळत नाही. शिवाय योग्य तार घातली तरी ती तिच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला वितळते. जुन्या बोर्डांत फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर फ्यूज असत. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, घरातल्या माणसाला वाटते वीज गेली, आणि होल्डरमध्ये मात्र फेज जिवंत असतो. दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसासाठी हा सापळाच आहे.

लाकडी बोर्ड, गंजून भोके पडलेली लोखंडी पेटी, वरून पाणी झिरपणारी जागा, आतल्या पट्टीवर जळल्याचे डाग, ही बदलण्याची आणखी कारणे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा तांब्यावर हिरवट थर चढवते आणि लोखंडी स्क्रू काही वर्षांत गंजून जातात, म्हणून तिथे घट्ट झाकणाची, चांगल्या प्लॅस्टिकची पेटी घेणे शहाणपणाचे. पेटी न्हाणीघराच्या भिंतीला लागून किंवा गॅसच्या शेगडीच्या वर असेल तर बदलताना जागाही बदलून घ्यावी.

पेटी आधुनिक आहे, एमसीबी आहेत, पण आरसीसीबी नाही, अशी घरे खूप आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गळतीपासून संरक्षण देणाऱ्या यंत्रणेची अट आधीपासून आहे आणि २०२३च्या नव्या नियमांतही ती कायम आहे. आरसीसीबी बसायला दोन खटक्यांइतकी जागा लागते. पेटीत ती जागा असेल तर पेटी न बदलता ती बसवता येते. नसेल तर शेजारी छोटी पेटी लावूनही काम होते. तिचा अँपिअरचा आकडा मुख्य एमसीबीइतका किंवा त्याहून मोठा असावा, उदाहरणार्थ ३२च्या मुख्य एमसीबीपुढे ४०ची आरसीसीबी. आरसीसीबी एकटी जादा भारापासून किंवा शॉर्टसर्किटपासून वाचवत नाही, त्यामुळे एमसीबीची गरज संपत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यालाही ती वाचवू शकत नाही, कारण तेव्हा गेलेला आणि आलेला प्रवाह सारखाच असतो.

## क्षमता वाढवायची गरज कशी ओळखावी?

वाढ म्हणजे जास्त भार पेलण्याची सोय करणे. तिचा हिशेब घरी बसून करता येतो. उपकरणाचे वॅट भागिले २३० केले की अँपिअर मिळतात. पुण्यातल्या एखाद्या दोन शयनगृहांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ: प्रत्येकी दीड किलोवॅटचे दोन एसी, दोन किलोवॅटचे दोन गीझर, दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी, एक किलोवॅटची इस्त्री, आणि फ्रिज, दिवे, पंखे, टीव्ही, धुलाई यंत्र मिळून सव्वा किलोवॅट. बेरीज सव्वाअकरा किलोवॅट होते आणि ती ऐकून माणूस घाबरतो. पण हे सगळे एका वेळी चालत नाही. मे महिन्यातल्या रात्री दोन्ही एसी, फ्रिज आणि पंखे मिळून साडेतीन किलोवॅट, म्हणजे सुमारे १५ अँपिअर लागतात. डिसेंबरातल्या सकाळी सात वाजता दोन गीझर, इंडक्शन, इस्त्री आणि बाकीचे किरकोळ मिळून ७.७ किलोवॅट, म्हणजे ३३ अँपिअरच्या वर जातात. घराचा सर्वोच्च भार उन्हाळ्यात असतो असे बहुतेकांना वाटते, प्रत्यक्षात अशा घरात तो हिवाळ्यातल्या सकाळी असतो. दोन गीझर एकापाठोपाठ लावले तर तोच भार २५ अँपिअरच्या आत येतो. काही घरांत एवढ्या सवयीने वाढीचा खर्च वाचतो.

हा आकडा वीजबिलावरच्या मंजूर भाराशी जुळवून पाहावा. मंजूर भार म्हणजे तुमच्यासाठी कंपनीने राखून ठेवलेली क्षमता. पेटी मोठी केल्याने तो वाढत नाही. त्यासाठी कंपनीकडे अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि ठरलेले शुल्क लागते. महाराष्ट्रात सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंत मिळते, त्यापुढे थ्री फेज, म्हणजे एकाऐवजी तीन फेज वायरींची जोडणी, घ्यावी लागते. थ्री फेजचा स्थिर आकार दरमहा जास्त असतो, मीटर बदलतो, आणि इमारतीत मीटर रूमपासून घरापर्यंतची वायरही बदलावी लागू शकते, म्हणून सोसायटीशी आधी बोलणे आवश्यक असते.

थ्री फेज घेताना एक धोका समजून घ्यावा. यात दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या आसपास असतो. मुख्य न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली, तर घरातल्या काही उपकरणांवर २३०च्या जागी ३००-३५० व्होल्ट येऊ शकतात आणि फ्रिज, टीव्ही, एलईडी दिवे एकदम जळतात. न्यूट्रलचा जोड उत्तम असणे आणि दाब वाढताच वीज तोडणारे संरक्षण बसवणे, या दोन गोष्टी थ्री फेज पेटीत मी ऐच्छिक मानत नाही.

मोटारीच्या चार्जरबाबत: ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे १४ अँपिअर घेतो आणि रात्री लावला तर अनेक घरांत आहे त्या मंजूर भारात बसतो, पण त्याला पेटीपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र गळती-संरक्षण हवे, कारण तो सलग सात-आठ तास पूर्ण प्रवाह घेतो आणि जुना प्लग तेवढा वेळ तो पेलत नाही. ७.४ किलोवॅटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो. तिथे वाढ अटळ आहे. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत २०२४मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वाहन चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते, आणि सोसायटीतल्या वाहनतळासाठी तो मार्ग बहुधा जास्त सोयीचा ठरतो. सौर प्रणालीसाठी मात्र पूर्ण पेटी बदलण्याची गरज सहसा पडत नाही. तीन किलोवॅटची प्रणाली सुमारे १३ अँपिअर देते आणि तिची स्वतःची छोटी पेटी असते. मूळ पेटीत एक मोकळी जागा, सुस्थितीतला मुख्य खटका आणि चांगले अर्थिंग एवढे लागते.

## ‘‘इतकी वर्षे काही झाले नाही, मग आता कशाला?’’

हा आक्षेप मी कमी लेखत नाही, कारण तो अनुभवातून येतो. पण ज्या वर्षांत काही झाले नाही त्या वर्षांत घरात एक फ्रिज, चार पंखे आणि सहा दिवे होते. त्याच वायरीवर आता इंडक्शन आणि गीझर आले आहेत. शिवाय आवरण म्हातारे होण्याची क्रिया दिसत नाही. मेगरचा आकडा चांगला आला आणि भार खरोखर वाढलेला नसेल, तर जुन्या पेटीत आरसीसीबीची भर घालून निश्चिंत राहावे. तो निर्णय पूर्णपणे योग्य आहे.

## ‘‘आरसीसीबी सारखी पडत होती, म्हणून काढून टाकली’’

आरसीसीबी विनाकारण पडते असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा कारण असते, फक्त ते सापडलेले नसते. सगळ्या एमसीबी खाली कराव्यात, आरसीसीबी चढवावी आणि एकेक एमसीबी वर करत जावे. जिच्यावर आरसीसीबी पडते त्या सर्किटवरचे प्लग काढून पुन्हा पाहावे. गीझरचा प्लग काढल्यावर ती टिकली तर कॉइल बदलायची आहे, आणि हा शोध कदाचित कोणाचा तरी जीव वाचवणारा आहे. पावसाळ्यातच पडत असेल तर गच्चीवरचा पंप, बाहेरचे दिवे आणि ओल आलेल्या भिंतीतले बोर्ड पाहावेत.

सगळ्या एमसीबी खाली असतानाही ती पडत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला टेकलेली असण्याची शक्यता मोठी, कारण साधी एमसीबी फेजच तोडते आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते. भारनियमनाच्या काळात घाईने जोडलेल्या इन्व्हर्टरमुळेही असा घोटाळा नेहमी होतो: आरसीसीबीच्या पुढची न्यूट्रल तिच्या आधीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असते आणि मग तिचा हिशेब जुळत नाही. यावर उपाय म्हणजे न्यूट्रल वेगळ्या करणे. संपूर्ण घराला एकच आरसीसीबी असली की एका गीझरपायी फ्रिजसुद्धा बंद पडतो, म्हणून नवी पेटी घेतच असाल तर दोन आरसीसीबी घालून घर दोन भागांत विभागावे.

## ‘‘घर भाड्याचे आहे’’ किंवा ‘‘इमारत पुनर्विकासाला जाणार आहे’’

मुंबई-पुण्यात हा आक्षेप फार ऐकू येतो. पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे चालतात आणि तोवर माणसे त्याच घरात अंघोळ करतात. अशा वेळी भिंती फोडून नवी वायर घालू नये हे मला पटते. आरसीसीबी मात्र बसवून घ्यावी, कारण ती काढून नव्या घरात नेता येते, आणि जास्त भाराचे उपकरण एकाच चांगल्या वायरीवर ठेवावे. भाडेकरूने पेटीतला दोष घरमालकाला फोटोसह लेखी कळवावा; पेटीची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी असल्याचे भाडेकरारात नमूद करून घेणे सर्वांत बरे.

## काम कोणाकडून करून घ्यावे आणि नंतर काय पाहावे?

राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच हे काम करून घ्यावे आणि परवाना पाहायला मागण्यात संकोच करू नये. त्याने क्लॅम्प मीटर लावून प्रत्यक्ष प्रवाह मोजला का, वायरीची जाडी पाहिली का आणि अर्थिंग तपासले का, यावरून त्याच्या सल्ल्याची किंमत कळते. न पाहता ‘सगळं बदला’ म्हणणारा आणि न पाहता ‘एमसीबी मोठी टाका’ म्हणणारा, दोघांनाही मी काम देणार नाही. माल आयएसआय चिन्हाचा असावा. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. जुन्या पेटीत दुसऱ्या कंपनीची एमसीबी बसवताना तांब्याची जोडपट्टी टोकाला नीट बसते का ते पाहायला सांगावे, कारण ती अर्धवट बसली तर वर सांगितलेला सैल जोड पहिल्याच दिवशी तयार होतो.

नव्या पेटीत दोन-तीन जागा मोकळ्या ठेवाव्यात. प्रत्येक एमसीबीखाली ती कोणत्या खोलीची आणि कशाची हे मराठीत स्पष्ट लिहून घ्यावे आणि सौर प्रणाली असेल तर घरात विजेचे दोन स्रोत आहेत अशी सूचना झाकणावर लावावी. ठेकेदार असतानाच आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून ती पडते ना ते पाहावे. त्यानंतर दर तीन महिन्यांनी घरातल्या कोणीही ते बटण दाबावे, आणि ज्या दिवशी बटण दाबूनही आरसीसीबी पडली नाही त्या दिवशी ती बदलून घ्यावी. पहिल्या आठवड्यात गीझर किंवा एसी तासभर चालल्यावर पेटीच्या बंद झाकणावर हाताची मागची बाजू टेकवावी. किंचित कोमट लागले तर चिंता नाही. हात ठेववत नसेल तर मुख्य खटका पाडून त्याच ठेकेदाराला त्याच दिवशी परत बोलवावे.